मागच्या वर्षीचं मॉडेल

व्यंकोबामामा आजचं वर्तमानपत्र उद्या वाचतात.

सकाळी पेपर दारात पडतो. मामा तो उचलतात, नीट घडी घालून कपाटावर ठेवतात आणि कपाटावरचा कालचा पेपर घेऊन कॉफी प्यायला बसतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याची काहीतरी गफलत होते आहे. म्हणून मी नम्रपणे आजची तारीख सांगितली. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बातमी कच्ची असते. एक दिवस मुरूं दे." मग हवामानाचा रकाना त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. चेन्नईत मुसळधार पाऊस पडणार होता. काल. काल आमच्या वेस्ट मांबलममध्ये रस्त्यावर वाळत घातलेले पापड कडकडीत निघाले होते. मामा समाधानानं हसले आणि पुढचं पान उलटलं.

मुरणं हा त्यांचा सगळ्या जगाला लावायचा नियम. दिवाळीत घेतलेला सदरा ते पोंगलला घालतात. फ्रीज, मिक्सर, पंखा, घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी तिचं पुढचं मॉडेल बाजारात आल्यावर घेतलेली. नवी वस्तू म्हणजे कंपनी आपल्यावर प्रयोग करते, आणि आपण बेडूक नाही, असं त्यांचं म्हणणं. भाचीचं लग्न झालं तेव्हा नव्या जावयाशी ते वर्षभर जेवढ्यास तेवढंच बोलले. वर्ष सरल्यावर त्याला जेवायला बोलावलं आणि भाचीला सांगितलं, "सेरि. मनुष्य बरा आहे." सेरि म्हणजे तमिळमध्ये 'ठीक'. मामांकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळाल्याचं मला ठाऊक नाही.

आमची ओळख जिन्यात झाली. मी आणि माझी बायको नव्या घरात कपाट चढवत होतो आणि अर्थातच भांडत होतो. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि लखलखीत पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसलेले एक गृहस्थ बाहेर आले. म्हणाले, "तुम्ही मराठे कीं? काय करूलालां?" आम्ही दोघं भांडण विसरून बघत राहिलो. ते तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेले आणि जाताना त्या वेळची मराठी बरोबर घेऊन गेले. तिच्यात पुढं तमिळ मिसळत गेलं. मला ती ऐकताना एखाद्या बखरीवर कुणी सांबार ओतल्यासारखं वाटे. 'करतो आहेस'ला ते 'करूलालास' म्हणत आणि 'सगळं'ला 'अस्कं'. मी एकदा फार शहाणपणानं सांगायला गेलो की मामा, प्रमाण मराठीत असं म्हणत नाहीत. ते म्हणाले, "तुमचं मराठी आत्तांचं. कच्चं. आमचं मुरलेलं." त्यानंतर मी भाषेच्या भानगडीत पडलो नाही. ते मला पुणेकर म्हणतात. मी सांगलीचा आहे, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे. तेही बहुधा मुरायला ठेवलं असावं.

आता माझ्या लॅपटॉपकडे येतो, कारण त्याच्यामुळंच हे सगळं घडलं.

माझ्या लॅपटॉपची बिजागरी तुटली. पडदा मागं कलंडायचा, म्हणून त्याला मी लोणच्याच्या बरणीचा टेकू दिला होता. बरणी सरकली की ऑफिसच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना माझ्याऐवजी छताचा पंखा दिसे. त्या काळात माझं काम सुधारल्याचं साहेबांनी दोनदा सांगितलं. नवा घेणं भाग होतं. प्रश्न एवढाच होता की या वर्षीचं मॉडेल घ्यायचं की मागच्या वर्षीचं.

साध्या माणसानं हा प्रश्न एका दुपारी सोडवला असता. मी दोन वांग्यांतलं एक निवडायला भाजीवाल्यापुढं तिष्ठत राहणारा माणूस आहे. मी अभ्यास सुरू केला. परीक्षणं वाचली, व्हिडिओ पाहिले, ज्यांच्याकडे ते यंत्र आहे अशा अनोळखी लोकांना प्रश्न पाठवले. नवं वेगवान होतं, पण त्याला जोडायच्या जागा कमी होत्या. जुन्याला जागा भरपूर, पण ते तापतं. रात्री नवं पटे, सकाळी जुनं. आंब्याचा मोसम आला आणि गेला. बायको एकदा शांतपणे म्हणाली की आपलं लग्न याहून लवकर ठरलं होतं. ते खरं होतं; पण तेव्हा निर्णय आईनं घेतला होता.

मामांना ही बातमी लागल्यावर त्यांना माझ्याविषयी एकदम आदर वाटू लागला. निर्णय न घेणारा माणूस त्यांना आवडतो. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की ते मला आत बोलवत, आणि मी त्या दिवशीचं ज्ञान सांगे. त्यांचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं: मागच्या वर्षीचं. तरी ते सगळं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "अजून थोडं पाहूं."

अंबुजामामी शेजारी बसून बीन्स निवडत असायच्या. त्या पूर्वी शाळेत हिंदी शिकवत. मी प्रोसेसरबद्दल बोलू लागलो की त्या माझ्याकडे टक लावून बघत, मान हलवत आणि मधूनमधून गोड हसत. माझं बोलणं इतक्या गोडीनं ऐकणारी बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती. घरी गेल्यावर मी हे बायकोला ऐकवत असे. मामींना लॅपटॉपमधलं कळतं, त्यांचा चेहराच सांगतो, असं मी म्हणे. मी त्यांच्यासाठी काही भाग सोपा करून सांगू लागलो होतो.

शेवटी एका शनिवारी बरणी फुटली. लॅपटॉपवर तेल सांडलं आणि अभ्यास संपला. मी आणि मामा रिक्षानं मैलापूरच्या एका दुकानात गेलो. मामांनी पोंगलचा सदरा घातला होता. रिक्षात त्यांनी मला बजावलं की दुकानात नव्याकडे बघायचंसुद्धा नाही, मन चळतं. मी बघितलं नाही. दुकानातल्या मुलीला सरळ सांगितलं, मागच्या वर्षीचं द्या. ते आणायला तिनं कुणाला तरी आत पाठवलं, आणि तोवर रिकामी बसण्याऐवजी ती मामांना नवं दाखवू लागली.

मामा हात मागं बांधून उभे होते. ती तमिळमध्ये सांगत होती की यात आपण बोलू ते पडद्यावर लिहून येतं, जसंच्या तसं, लगेच, इंटरनेट नसलं तरी. ती बोलली आणि तिचं तमिळ मोठमोठ्या अक्षरांत समोर उमटलं. मामांचे हात सुटले. त्यांनी विचारलं, जुन्यात हे आहे का? नाही, ती म्हणाली. मराठी येतं का? तिनं शोधून पाहिलं. येत होतं.

मामा पडद्याजवळ वाकले. घसा साफ केला. मग, दुकानात आणखी कुणी नसल्यासारखे, हलक्या आवाजात म्हणाले, "अंबू, काय करूलालीस?"

पडद्यावर आलं: आंबू काय करू लाल इस.

त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. या वेळी 'आंबा काय करू' इतकंच आलं. मुलगी संकोचून म्हणाली की यंत्राला वेळ लागतो, किंवा साहेबांचं मराठी थोडं वेगळं असेल. मामांनी मला खुणेनं बोलावलं. "तूं बोल," म्हणाले. मी म्हटलं, "अंबू, काय करते आहेस?" एक काना-मात्रा न चुकता ते वाक्य पडद्यावर उभं राहिलं. मामांनी ते वाकून पाहिलं. मला वाटलं, आता हे काहीतरी लागट बोलणार, आणि मी मनातल्या मनात माफीचा मजकूर जुळवू लागलो. ते मुलीकडे वळले आणि त्यांनी सांगितलं की हेच एक बांधून दे.

अशा रीतीनं मामांच्या शिकवणीप्रमाणं मी मागच्या वर्षीचं मॉडेल घेऊन बाहेर पडलो आणि मामा या वर्षीचं. बायकोनं नंतर विचारलं की तुमच्या दोघांच्या पिशव्यांची अदलाबदल झाली का.

परतताना रिक्षात मामा खोकं मांडीवर धरून बसले होते. पानगल पार्कपाशी रहदारीत अडकलो तेव्हा ते बोलले. मामींचे कान दोन वर्षांपासून जात चालले होते, आता गेल्यातच जमा होते. कानातलं यंत्र आणलं, पण त्यानं डोक्यात भांडी पडल्यासारखं होतं म्हणून मामींनी ते काढून ठेवलं. कुणाला सांगायचं नाही असं मामींनीच बजावलं होतं. लोक मग कीव करतात आणि ओरडून बोलतात. मी म्हटलं, हे काम मोबाइलवरही होतं. ते म्हणाले की तिला त्यावरची अक्षरं दिसत नाहीत. मग म्हणाले, "घरांत अस्कं खुणांनीच चाललं आहे. जेव, औषध घे, दिवा घाल. खुणेनं किती बोलणार?"

महिनोन्महिने मी ज्या बाईला प्रोसेसर समजावून सांगत होतो तिला एक अक्षरही ऐकू येत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. तिचं ते गोड हसणं आठवून माझे कान तापले. पण मामा माझ्याकडे बघत नव्हते. ते म्हणाले, "तुझं मराठी मला शिकव. तमिळ बाहेरचं, घरांत आम्ही मराठीच बोलतों."

सत्तरी उलटलेला विद्यार्थी. रोज संध्याकाळी आमच्या घरी. 'करतो आहे' म्हणताना त्यांची जीभ अडखळे. 'आहे'चा 'अहे' होई आणि यंत्र भलतंच काही लिही. पण चिकाटी अशी की मला माझ्या शाळेतल्या वह्यांची लाज वाटली. मी शिकवत होतो, असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर माझं व्याकरण किती कच्चं आहे ते बायको स्वयंपाकघरातून दुरुस्त करत होती. मामांना लागणारी वाक्यं साधी होती. दूध आलं. डोकं दुखतं आहे का. जिना चढताना सावकाश. ती त्यांनी घरी मामींना वाचायला दिली. पहिल्या दिवशी मामींनी पडदा वाचला आणि त्यातली एक वेलांटी चुकल्याचं बोटानं दाखवलं. मास्तरीणबाईच त्या.

एके संध्याकाळी मामा आले आणि बसलेच नाहीत. दारातूनच त्यांनी विचारलं की, घरात माणूस असून त्याच्याशी बोलणं नाही म्हणून जिवाला चैन पडत नाही, हे तुमच्या मराठीत कसं म्हणतात. मी विचार केला आणि सांगितलं, "तुझ्याशी बोलल्याशिवाय मला करमत नाही." 'करमत' हा शब्द त्यांना नवा होता. तो घोकत ते जिना उतरले. मला राहवलं नाही, म्हणून उच्चार नीट होतो का ते पाहण्याच्या निमित्तानं मीही मागोमाग गेलो.

मामी खिडकीशी बसल्या होत्या. मामांनी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि एकेक शब्द वेगळा करत ते वाक्य म्हटलं. ते अचूक उमटलं. मामींनी वाचलं. चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं. मग त्या मामांकडे बघत, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा जरा मोठ्यानं म्हणाल्या, "मग इतके दिवस गप्प कां होतां?"

मामा उत्तर देऊ लागले. पहिल्याच शब्दाला माझी मराठी सुटली आणि ते त्यांच्या मराठीत, घरातल्या मराठीत, भरभर बोलत सुटले. पडद्यावर काहीच्या काही अक्षरं धावू लागली. मामी पुढं झुकून ती चुकीची अक्षरं एकेक करून वाचत होत्या, ओठ हलवत, त्यातून आपल्या माणसाचा शब्द सोडवून घेत, आणि मान हलवत होत्या.

मी दार ओढून घेतलं आणि वर आलो.