मत मागायला आलेला पेशंट

आमच्या गौलीगुडा मोहल्ल्यात मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराच्या तोंडात डॉक्टर सोनकांबळे आधी थर्मामीटर खुपसतात. मग दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळतात आणि माणूस असा पुरता अडकला की आपली मागणी सुरू करतात. बिचाऱ्याला 'हं हं' यापलीकडे काही बोलता येत नाही. ते 'हं हं' डॉक्टर आश्वासन म्हणून धरतात.

मी शाळामास्तर. त्यांच्या दवाखान्याच्या वरच राहतो, त्यामुळे निवडणुकीत माझी चांगली करमणूक होते.

मागणी एकच. गल्लीच्या तोंडाशी सरकारी दवाखाना आहे, तो चारला बंद होतो. बस स्टँडवरचे हमाल, कोठी बाजारातल्या दुकानांत कामाला जाणाऱ्या बाया सुटतात त्यानंतर. तिथे संध्याकाळी डॉक्टर बसला पाहिजे, हा यांचा हट्ट. उमेदवार मात्र मोठमोठ्या ऑपरेशनांची कार्डं वाटायला निघालेले. "पोट फाडणं फुकट," डॉक्टर म्हणतात, "आणि फाडायची पाळी येऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी विकत. सगळा हौला कारभार आहे, मास्तर." वेडगळ म्हणायचं असलं की त्यांना मराठी शब्द पुरत नाही, इथली दख्खनी लागते.

तोवर संध्याकाळची ती सगळी गर्दी यांच्याच बाकावर येऊन बसते. आता वय झालंय, पाय सुजतात. वहिनी गेल्यापासून जेवण डब्याचं. नांदेडची लेक रोज फोन करून 'बाबा, आता या' म्हणते आणि डॉक्टरांनाही मनातून जायचंच आहे. पण पेशंट कुणाच्या तरी हाती दिल्याशिवाय त्यांचा पाय निघत नाही.

यंदा संधी चालून आली. हाच निवडून येणार अशी ज्याची हवा होती, तो उमेदवार मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या कार्यकर्त्यांसकट दारात उभा राहिला. डॉक्टरांनी थर्मामीटर मुद्दाम खिशात ठेवला. या वेळी कबुली तोंडानं, कॅमेऱ्यासमोर हवी होती. मला साक्षीला खाली बोलावून घेतलं होतं.

उमेदवार घाम पुसत खुर्चीत बसला. काय पाहिजे ते सांगा, आत्ताच जाहीर करतो म्हणाला. संध्याकाळच्या दवाखान्याचं सांगता सांगता डॉक्टरांनी सवयीनं पट्टा गुंडाळायला घेतला, तसा तो कण्हला. जीपमधून लोकांना हात हलवून हलवून दुखायला लागलाय, असं त्यानं सांगितल्यावर कार्यकर्ते हसले. डॉक्टर हसले नाहीत.

"हिलाते कौनसा हात?"

"सीधा."

"और दुखता कौनसा?"

त्यानं डावा दंड चोळला. "उल्टा."

डॉक्टरांनी सगळ्या कॅमेरेवाल्यांना बाहेर घालवलं, त्याला एक गोळी चावायला दिली आणि मोठ्या हॉस्पिटलात न्यायला ऑटोत घातलं. त्याची जीप त्याच्याच मिरवणुकीत अडकली होती. मी पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसलो. मागे डॉक्टर त्याचा हात हातात घेऊन बसले होते. तो पार घाबरला होता. "सब कर देतूं डॉक्टर साब, वो सरकारी दवाखाना शाम को भी खुलवा देतूं," म्हणायला लागला.

"बोलना नक्को, बेटा," डॉक्टर म्हणाले. "आराम से सांस लो."

परत येताना मला राहवलं नाही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते तो स्वतःहून देत होता आणि तुम्ही त्यालाच गप्प केलंत, असं मी जरा चिडूनच म्हणालो.

"मास्तर, पेशंटकडून काय कबूल करून घ्यायचं?" ते म्हणाले.

माणूस वाचला, उमेदवार मात्र पडला. निकालाच्या संध्याकाळी मी खाली गेलो तेव्हा लेकीचा फोन चालू होता. "येतो गं," डॉक्टर म्हणत होते, "पुढच्या निवडणुकीनंतर नक्की येतो." फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो थोडा वेळ कानाशीच धरून ठेवला. बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं, तेव्हा त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि त्याला आत बोलावलं.