नीलव्वाकाकूंची फिल्म

आमच्या शेजारचे सिद्रामअप्पा कुठलीही वस्तू आधी चिमटीत धरून चोळतात. अक्कलकोट रोडला जन्मभर चादरींचे माग चालवल्यामुळे जगातल्या यच्चयावत वस्तूंना पोत असतो, असा त्यांचा पक्का समज आहे. माझ्या मुलीची लग्नपत्रिका त्यांनी न वाचताच चोळली आणि म्हणाले, "छलो अद! टिकंल." छलो अद म्हणजे छान आहे; खूश झाले की त्यांचं कन्नड बाहेर येतं. आम्हीही तो आशीर्वादच समजलो.

अशा माणसाच्या वाट्याला चिमटीत न येणारी वस्तू आली. त्यांच्या पत्नीनं, नीलव्वाकाकूंनी, तरुणपणी हौसेनं कॅमेरा घेऊन घरच्या फिल्म काढल्या होत्या. काकू जाऊन काही वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात अप्पांनी त्या फिल्मचा डबा उघडला, तर आंबूस वास यायला लागलेला आणि चित्रं तांबूस पडलेली. ही फिल्म गेली की काकूंच्या हातचं काहीच उरणार नव्हतं. अप्पा हबकलेच.

पहिला उपाय त्यांनी घरचाच केला. नव्या चादरीनं रंग सोडू नये म्हणून ती मिठाच्या पाण्यात भिजवतात, तसा फिल्मचा एक तुकडा कापून भिजत घातला. दुपारपर्यंत त्यावरची अर्धी भावकी पाण्यात उतरली.

"चादरीला लागू पडतंय की हे," अप्पा पातेल्यात बघत पुटपुटले. मी उरलेला डबा ताब्यात घेतला आणि त्यांना स्टुडिओत नेलं.

"डीव्हीडी करू, का एमपीफोर करून पेनड्राइव्हवर देऊ?" स्टुडिओवाल्यानं विचारलं.

"धुतल्यावर रंग न जानारं कुठलं?"

"अप्पा, फाइल कुणी धूत नाही."

"मग हात तरी लावू द्या की."

डीव्हीडी त्यांना निसरडी वाटली. पेनड्राइव्ह चोळून म्हणाले, "लई बारकं हाय. आमचा सगळा गोतावळा मावंल व्हय ह्यात?" शेवटी एमपीफोर मीच ठरवली. अप्पांनी मान डोलावली, पण चेहरा माल न बघता सौदा केलेल्या माणसाचा होता.

पेनड्राइव्ह आला. टीव्ही काठोकाठ भरून चित्र, रंगही सुधारलेले. मी स्वतःवरच खूश होतो, तेवढ्यात अप्पा ओरडले, "खालनं कापलंय की ह्यानं!"

तसेच उठून आम्ही पुन्हा स्टुडिओत. स्टुडिओवाला समजावू लागला, "फिल्म चौकोनी, टीव्ही लांबट. सगळं घेतलं तर दोन्ही बाजूंना काळं दिसंल, अप्पा."

"दिसू दे. पर खालचं पायजे."

खाली नुसती मातीच तर असणार! मला त्यांचा हट्ट पोरकट वाटला. पण ते जागचे हलेनात, म्हणून स्टुडिओवाल्यानं पुन्हा सगळं करून दिलं.

दुपारी त्यांनी मला बोलावलं. पडदे ओढलेले, वर पंखा संथ फिरत होता. टीव्हीच्या मधोमध चौकोनी चित्र उजळलं. आवाज नव्हता. वळसंगच्या शेतात कोवळं ऊन पडलेलं, ज्वारी डुलत होती, आणि पोरांच्या मध्ये उभे असलेले काळ्याभोर केसांचे अप्पा आमच्याकडं बघून लाजत होते. सगळं इतकं हळू आणि मऊ की मला वेळेचं भान राहिलं नाही.

"खाली बघा, मास्तर."

खालच्या मातीवर एक लांब सावली होती. दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, डोळ्यांपाशी कॅमेरा धरलेला, वाऱ्यावर पदर उडणारा.

"काढनारी तीच. मग ती कशात येनार?" अप्पा म्हणाले. "सगळ्या फिल्ममदी यवडीच आलीया."

मी पुढं वाकून ती सावली पुन्हा पाहिली.

"आता बघा हां."

सावलीनं एक हात वर केला आणि मागं सरा, अशी खूण केली. चित्रातले अप्पा हसत हसत दोन पावलं मागं गेले. आणि माझ्या शेजारी बसलेल्या अप्पांनी, टीव्हीवरची नजर न काढता, आपली खुर्ची हळूच थोडी मागं घेतली.