राजपालची वजरी

जळकोटला हायवेच्या कडेला राजपालचं सेवा केंद्र आहे. राहत्या घराचीच पुढची खोली. आत एक कॉम्प्युटर, एक अंगठ्याचं मशीन आणि राजपालची बढाई, एवढंच काय ते सामान! "माझ्या मशीनवरनं एक अंगठा वापस गेला न्हाय," हे त्यानं इतक्यांदा ऐकवलं होतं की त्याची बायको चैताली ते झोपेतही म्हणून दाखवेल.

त्या दिवशी सरकारचा निराधार पगार घेणाऱ्यांच्या हयातीच्या दाखल्याची मुदत संपत होती. मशीनवर अंगठा जुळला तर माणूस जिवंत, नाही तर पगार बंद! रांगेत पहिल्याच होत्या मथुराबाई. सत्तरी ओलांडलेली, घरात एकट्या, चूल पेटायची ती त्या पगारावरच.

त्यांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल. सहाव्यांदा राजपालचा तोल गेला.

"आत्या, हात धुता का न्हाय कधी?" तो साऱ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडला. "मशीन म्हणतंय, तुम्ही न्हाईतच!"

रांग खो खो हसली. मथुराबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"धुतलेत की बाबा. ह्याच हायवेची खडी फोडली म्या पंधरा वर्सं. रेषा कुठनं ऱ्हातील?"

इथं राजपालनं गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसेल तो राजपाल कसला!

"रेषा हायत, मळाखाली दबल्यात! चैताली, न्हाणीतली वजरी आण!"

वजरी म्हणजे टाचा घासायचा खरबरीत दगड. राजपालनं आधी स्वतःवरच घासून दाखवलं. "असं, गोल गोल! अन् धा बी बोटं घ्या, कुठलं लागंल सांगता येत न्हाय!" बोटं गाजरासारखी लाल होईस्तोवर घासली. माणूस मन लावून काम करणारा, हे शत्रूही कबूल करेल. मग वजरी हातोहात रांगेभर फिरली. म्हाताऱ्या महांतप्पांनी तर 'आई गं' म्हणेपर्यंत घासून घेतलं!

मथुराबाईंनीही मुकाट्यानं घासलं. रेषा काही उगवल्या नाहीत.

तोवर मशीनला बराच वेळ कुणी शिवलं नव्हतं, म्हणून ते आपोआप बंद झालं. उघडायला लागतो खुद्द राजपालचा अंगठा. त्यानं ऐटीत ठेवला.

लाल दिवा!

दुसरा अंगठा, मग एकेक बोट, अशी दहाही झाली. दिवा काही हिरवा होईना.

"हात धुता का न्हाय कधी?" महांतप्पांनी मागनं विचारलं. या वेळी रांग जरा जास्तच हसली.

चार वाजले होते, मुदतीला तासच उरला होता. घामाघूम राजपालनं धाराशिवच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "अहो, डोळ्यांचं मशीन दिलंय की तुम्हाला! ठसे झिजलेल्यांसाठीच आहे ते. तुमचंही उघडेल त्यानं."

राजपालला काही आठवेना. चैतालीला आठवलं. तिनं घरातली लोणच्याची बरणी उचलली आणि खालचा खोका आणून टेबलावर ठेवला. "दोन वर्सं झाली. तुम्हीच म्हणला, आपल्याला काय गरज त्येची."

सील फोडलं नव्हतं. एका मिनिटात झालं असतं मथुराबाईंचं! राजपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं खोका फोडला, वायर जोडली, मशीन स्वतःच्या डोळ्यांपुढं धरलं. पडद्यावर अक्षरं आली: 'समोर पाहा.'

समोर मथुराबाई उभ्या होत्या. सोलवटलेली बोटं पदरात धरून.

राजपालची मान खाली गेली ती वर येईना. 'समोर पाहा.' 'समोर पाहा.' मशीन काही पिच्छा सोडेना.

"आत्या," तो टेबलाकडं बघतच पुटपुटला, "चुकलं माझं."

"ते ऱ्हाऊ दे. मुदत चाललीय," मथुराबाई म्हणाल्या. "बघ की बाबा वर. तू तरी हाईस का न्हाईस, ते कळू दे मशीनला!"