परग्रहावरचा संकासूर

दत्ताराम गुरुजींनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली आणि जयगडपासून रत्नागिरीपर्यंत ती एकानेही शेवटपर्यंत वाचली नाही. घरात बायकोने, रेणुकाबाईंनीसुद्धा नाही, आणि गुरुजींना खरं दुःख त्याचंच होतं. 'कोणी येणार नाही' हे कादंबरीचं नाव. परग्रहवासी पृथ्वीवर उतरतो, माणसांची अवस्था बघतो आणि काहीही न करता निघून जातो. आपलं आपणच निस्तरायचं, हा गुरुजींच्या मते जगाला हादरवणारा विचार. जग अजून हादरलं नव्हतं, कारण जगाच्या वाटणीच्या प्रती गुरुजींच्या पलंगाखाली होत्या.

त्यामुळे मुंबईत एडिटिंग करणारा मुलगा प्रथमेश शिमग्याला लवकर आला आणि "बाबा, तुमच्या कादंबरीवर पिक्चर करू," म्हणाला, तेव्हा गुरुजी हरखून गेले.

"पण विचाराला हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं.

विचाराला कोणीच हात लावला नाही. अडलं ते कपड्यांपाशी. परग्रहवासी घालणार काय? शेवटी गावात नमनाचे खेळ करणाऱ्या मंडळाकडून शिमग्यात नाचणाऱ्या संकासुराचा काळा अंगरखा आणि उंच टोपी मागितली.

"न्या की," मंडळाचे बाबल्याबुवा म्हणाले. "पन संकासूर नाचल्याबिगर जायाचा नाय."

तो नाचणार म्हणून मृदंग आला. मृदंग ऐकून बायका नारळ घेऊन आल्या. नारळ आले म्हटल्यावर गाऱ्हाणं आलंच. बुवांनी कॅमेऱ्यासमोर हात जोडले, "बा संकासुरा, मुंबयला गेलेली पोरां घरी आन!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी वाडी ओरडली.

"अरे, तो काही न करता निघून जातो!" मागून गुरुजी कळवळले.

"गाऱ्हाणं ऐकून तसाच जाईल?" बुवा खरोखरच चिडले. "गुरुजी, शिकलेली मान्सं तुमी, असा काय बोलताव?"

दुसऱ्या दिवशी शिमग्याचे चाकरमानी एसटीतून उतरले, ते प्रथमेशने टिपलं आणि शेवटाला जोडून टाकलं.

पिक्चर तयार झाला आणि पालखी ठेवतात त्या सहाणेसमोर पडदा लावला. एसटीतून पोरं उतरली तशी सगळी वाडी डोळे पुसू लागली. गुरुजी तावातावाने उठले. हे माझं नाही, असं ते जाहीर सांगणार होते.

तेवढ्यात रेणुकाबाईंनी त्यांचा हात धरला. त्यांचेही डोळे भरले होते. "अहो, एवढं छान लिवलंत, आनि मला कधी बोललात नाय?"

गुरुजींच्या डोक्यातला जगाला हादरवणारा विचार स्वतःच हादरला.

"सुचतं असं कधीकधी," ते म्हणाले आणि खाली बसले.

सकाळी रेणुकाबाईंनी पलंगाखालून एक प्रत ओढली, पदराने पुसली आणि वाचायला बसल्या. गुरुजींनी न सांगता चहा केला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. दुपारपर्यंत निम्मं पुस्तक झालं.

"अहो, संकासूर कधी येतो?"

"दुसऱ्या आवृत्तीत," गुरुजी म्हणाले आणि पेन शोधायला उठले.