नको म्हणणारे व्याही

एका जंगलात, चुळबुळ बंद करा बाळांनो, केसोबा नावाचं अस्वल राहत होतं. त्याला एकच घोर होता, लेक जांभळीच्या लग्नाचा. डोंगरापलीकडच्या झिपरोजींचा मुलगा तिच्या मनात भरला होता. पण झिपरोजी म्हणजे भारी मानपानवाले. पाहुणचार कमी पडला म्हणून त्यांनी आधीची तीन स्थळं मोडली होती.

बायको म्हणाली, घरीच जेवू घालू. पण केसोबाला छाप पाडायची होती ना!

शेजारच्या उंबराच्या ढोलीत एका धोबी पक्ष्याने जपानी-फ्रेंच हॉटेल काढलं होतं. हा पक्षी एक उन्हाळा जपानात काढायचा, एक फ्रान्सात. दोन्हीकडचं अर्धं अर्धं शिकून आला होता. बसायला जागा चारच. काय खायचं ते तोच ठरवणार. आणि जेवताना बोलायचं नाही, कारण पदार्थ ऐकायचा असतो म्हणे. ऐकायचाय डोंबल!

भर दुपारी दोन्ही जोडपी पोटं आत ओढून ढोलीत बसली. पहिलं ताट आलं. ताट परातीएवढं, मधोमध अळंबीची एक चकती. तिच्यावर लोण्याचा एक थेंब आणि आंबवलेल्या सोयाबीनचा ठिपका.

आता अस्वलांची रीत अशी, की पाहुण्याने तीनदा नको म्हणायचं, यजमानाने तीनदा आग्रह करायचा, मग दोघांनी हादडायचं. झिपरोजी रीतीप्रमाणे हळूच म्हणाले, "नको हो, आत्ताच खाऊन निघालोय."

पक्ष्याने शेपटी हलवून नमस्कार केला आणि ताट उचलून नेलं.

केसोबाने आग्रहासाठी तोंड उघडलं, तर पक्ष्याने चोचीवर पंख ठेवला. पाहुणे उपाशी असताना आपण कसं खायचं? केसोबाने आपलंही ताट परत केलं. बायकांनीही केलं. असे सात पदार्थ आले नि सात गेले. झिपरोजींचं पोट मोठ्याने गुरगुरलं, तेव्हा पक्षी गहिवरून म्हणाला की इतके जाणकार पाहुणे त्याने पॅरिसातही पाहिले नव्हते.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी जेवणाची तोंडभर स्तुती केली. निघताना झिपरोजी म्हणाले, "बरं, कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय, ते मुलींच्या बापांना विचारा. केसोबाच्या काळजात चर्र झालं. जांभळीला काय तोंड दाखवायचं? बायकोला पुढे पाठवून तो रडवेला होऊन मागच्या वाटेने निघाला. भूक अशी लागली होती की धड दुःखही करता येईना.

वाटेत एक वारूळ दिसलं. त्यात आधीच एक डोकं खुपसलेलं होतं. झिपरोजींचं. पलीकडून त्यांच्या बायकोचं.

झिपरोजींनी तोंड बाहेर काढलं. नाकावर वाळवी. केसोबा सवयीने म्हणाला, "घ्या ना अजून."

"नको नको."

"असं कसं? माझ्या गळ्याची शपथ आहे."

"नको हो, खरंच."

"थोडंसंच, माझ्यासाठी."

"अहो, नको."

केसोबाने व्याह्यांची मान धरली आणि डोकं वारुळात दाबलं. बराच वेळ मचमच ऐकू आली. मग आतून घुसमटलेला आवाज आला, "पाहुणचार असावा तर असा. पुढच्या पौर्णिमेला लग्न उरकून टाकू."

तेव्हापासून त्या हॉटेलाबाहेर मुलींच्या बापांची रांग लागते. तिथे जेवलं की लग्न जमतं, असं सगळं जंगल सांगतं. वारुळाचं कोणी बोलत नाही.

तात्पर्य: सोयरीक जुळवायची असेल, तर पाहुण्यांना चांगल्या ठिकाणी नेऊन व्यवस्थित उपाशी ठेवावे.