बर्फावरच्या काठीचा ठराव

कोल्हापूरच्या उभा आड तालीम मंडळाची मासिक सभा मंगळवारी सायंकाळी सहा वाजता बोलावण्यात आली होती आणि सभेपुढे एकच विषय होता. मंडळाच्या मुलींच्या हॉकी संघातली निशिगंधा राज्याच्या सराव शिबिरासाठी निवडली गेली होती. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत तिला मंडळाचं ना हरकत पत्र नेऊन द्यायचं होतं, नाहीतर तिच्या जागी यादीतली पुढची मुलगी जाणार होती. पत्र चार ओळींचं होतं. चहा यायच्या आत विषय संपेल, असा चिटणीस यज्ञेश्वर यांचा अंदाज होता.

यज्ञेश्वर हे सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले गृहस्थ. जे कागदावर नाही ते घडलेलंच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते बदलण्याचा नाद पत्नी लीलाताईंनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सोडून दिला होता. मंडळाच्या घटनेत दोन कलमं त्यांनी स्वतःच्या हाताने घातली होती. हाती घेतलेला विषय निकाली निघाल्याखेरीज पुढचा घेऊ नये, हे एक. मतदान न घेता ठराव एकमतानेच व्हावा, हे दुसरं. दुसऱ्या कलमाला इतिहास होता. फुटबॉल संघाच्या जर्सीच्या रंगावर पूर्वी एकदा मतदान झालं होतं, तेव्हा मतांपेक्षा टाके जास्त पडले होते.

गणसंख्या अकराची. सहाला दहाच जण जमले होते, म्हणून सगळे अकराव्याची वाट बघत बसले आणि तेवढ्यात बाळासोंनी खिशातून मोबाइल काढला. बाळासो एके काळचे मंडळाचे गोलकीपर. आता शिरोलीत फाउंड्रीत सुपरवायझर. मोबाइलवर परदेशातल्या आइस हॉकीतला एक दाढीवाला गडी बर्फावर घसरत, हातातल्या लांब काठीने एक काळी चकती चार जणांच्या पायांमधून काढत होता. खाली नाव होतं बोशां. जर्सीवर नंबर एकोणीस.

"बघा, बघा! चकती काठीला चिकटवल्यागत हाय. ह्येच्यासारखा काठी चालवणारा उभ्या जगात न्हाय," बाळासो म्हणाले.

"ह्यो? आरं, तू टर्नक्विस्ट बघितलाच न्हाईस," अध्यक्ष हंबीरराव खुर्चीतूनच कडाडले. "सत्तावीस नंबर. गडी डोळं मिटून चकती फिरवतोय, डोळं मिटून!"

हंबीररावांचा गिऱ्हाइकांसमोर म्हशी पिळून दूध विकायचा कट्टा होता. टर्नक्विस्ट त्यांनी परवाच, म्हशीची धार निघेपर्यंत बघितला होता, म्हणजे साधारण सात मिनिटं. बाळासोंचा बोशांचा अभ्यास त्याहून जुना, आदल्या शुक्रवारपासूनचा.

सहा वाजून सतरा मिनिटांनी अकरावं माणूस आलं आणि कुणाशी न बोलता मागच्या बाकावर बसलं. यज्ञेश्वरांनी सवयीने घड्याळ पाहिलं, "सभा सुरू," म्हटलं आणि कानावर पडेल ते लिहायला घेतलं. कानावर पडत होतं ते हेच. त्यांनी लिहिलं: 'विषय क्रमांक एक. काठी चालवण्यात बोशां श्रेष्ठ की टर्नक्विस्ट.' तिसऱ्या ओळीवर चूक त्यांच्या लक्षात आली. पण वही बांधीव होती, पानांना क्रमांक होते, आणि इतिवृत्तात खाडाखोड करणारा माणूस उद्या काहीही करील असं त्यांनीच कित्येकांना ऐकवलं होतं. निशिगंधाचा अर्ज मुकाट्याने विषय क्रमांक दोन झाला.

ती बाहेर पायरीवर होती. हॉकी स्टिकवर चेंडू उडवत राहायची तिला सवय होती. टक, टक, टक. डावीकडून उजवीकडे, स्टिक उलटी करून, पुन्हा सुलटी. अर्धा तास झाला तरी चेंडू जमिनीला लागला नव्हता.

"ए पोरी!" बाळासो आतून ओरडले. "ती टकटक बंद कर की जरा. आत स्टिकहँडलिंगवर चर्चा चाललीया."

टकटक बंद झाली. यज्ञेश्वरांनी नोंद केली: 'बाहेरून व्यत्यय. समज देण्यात आली.'

साडेआठला सभा तहकूब झाली. तोवर मंडळ उभं दुभंगलं होतं. यज्ञेश्वर बाहेर आले तेव्हा निशिगंधा उठून उभी राहिली.

"काका, झालं का माझं?"

"उद्या होईल. विषय क्रमाने घ्यावे लागतात."

"मग मी उद्या कॉलेजमधनं थेट येतो," ती म्हणाली आणि सायकलवर बसून गेली.

बुधवारी असं ठरलं, की पुराव्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. बोशां आणि टर्नक्विस्ट यांच्या कौशल्याचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी त्रिसदस्यीय उपसमिती नेमण्यात आली. पहिल्याच बैठकीत उपसमितीला आढळलं, की तिच्यातल्या एकाही सदस्याने सरबताच्या ग्लासाबाहेर बर्फ पाहिलेला नाही. म्हणून गुरुवारी बर्फाच्या कारखान्यातून चार लाद्या मागवून त्या तालमीच्या हौद्यात मांडण्यात आल्या. ज्या लाल मातीत पिढ्यान्‌पिढ्या तेल-ताक जिरलं, तिच्यावर आता बर्फ होता. म्हातारे पैलवान लांबूनच पाया पडून परत गेले.

काठीचा प्रश्न उरला. त्या वेळी हाताशी एकच होती.

"अभ्यासासाठी तात्पुरती ताब्यात घेत आहोत," यज्ञेश्वरांनी निशिगंधाला सांगितलं आणि रीतसर पावती फाडली. पावतीवर लिहिलं: 'अर्जदार, विषय क्रमांक दोन, यांजकडून हॉकी स्टिक, नग एक.'

"काका, शिबिराला मला तीच लागणार. दुसरी न्हाय माझ्याकडं."

"पावती सांभाळून ठेव," यज्ञेश्वर म्हणाले. ह्याहून मोठं आश्वासन त्यांच्यापाशी नव्हतं.

बाळासो बोशांच्या वतीने लादीवर चढले. पायात त्यांनी मोजे घातले होते. पहिलं पाऊल बोशांसारखं पडलं असं त्यांच्या बाजूचे आजही सांगतात. दुसऱ्या पावलाला बाळासो, काठी आणि डब्याचं झाकण (चकतीच्या जागी तेच होतं) तिघं तीन दिशांना गेली. खाली येताना बाळासो नेमके स्टिकवर पडले. कड् असा आवाज झाला आणि सगळे श्वास रोखून उभे राहिले. मग बाळासोंचं हाड शाबूत आहे हे कळल्यावर एकच जल्लोष झाला.

यज्ञेश्वरांनी तिथेच, शेजारच्या दुसऱ्या लादीवर फाइल टेकवून अहवाल लिहिला. टेबल नव्हतं आणि लादी सपाट होती. 'स्टिकचा दर्जा निकृष्ट आढळला. निष्कर्ष काढता आला नाही.' फाइलीच्या तळाशी निशिगंधाचा शाईने लिहिलेला अर्ज होता. लादी पाझरत होती, पण अहवाल लिहिताना खाली बघायची पद्धत नसते.

शुक्रवारी सकाळी चौकात फ्लेक्स लागला. 'बर्फावरचा ढाण्या वाघ, काठीसम्राट मा. श्री. बोशां (१९) यांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा.' खाली बेचाळीस शुभेच्छुकांचे फोटो, सगळे गॉगल लावून. वाढदिवस कधी असतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शुक्रवार सोयीचा होता. दुपारपर्यंत समोरच्या बाजूला टर्नक्विस्ट यांची 'कोल्हापूरकरांच्या काळजाचा तुकडा' म्हणून निवड झाली होती. बाळासोंना बोशांच्या आईचं गाव तोंडपाठ झालं होतं. टर्नक्विस्टचा कोणता दात कोणत्या सामन्यात पडला हे हंबीरराव दूध मापताना गिऱ्हाइकांना विचारत आणि चुकलं तर साय देत नसत. दोघांपैकी कुणीही सबंध सामना एकदाही पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी यज्ञेश्वरांनी घरी कपाट उघडलं. मंडळाचा शिक्का तिथेच होता, लेटरहेडही. लीलाताई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चार ओळी लिहा आणि मारा शिक्का," त्या म्हणाल्या. "पोर रोज येऊन बसतीय. कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"ठरावाशिवाय?"

"ठरावाशिवाय."

यज्ञेश्वरांचा हात शिक्क्यापर्यंत गेला, हे कबूल केलं पाहिजे. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. पण बत्तीस वर्षांत त्यांनी वाईट वाटल्यामुळे एकही कागद हलवला नव्हता. त्यांनी कपाट लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

शनिवारी सभा मुद्दाम चारला घेतली. साडेचारला निशिगंधाची आजी चिमणाबाई तालमीत शिरली. नातीच्या कॉलेजसाठी ती नेसरीहून येऊन पेठेत खोली घेऊन राहिली होती.

"सायेब, पाच वाजाय आलं. पोरीचा कागुद?"

"आजी, विषय क्रमांक एक चालू आहे."

"त्यो बर्फावरचा गडी तुमच्या पेठंतला हाय?"

"नाही."

"कुणाचा पावणा हाय?"

"नाही, आजी."

"मग त्येला काय कागुद पायजे व्हता का तुमचा?"

मागच्या बाकावरचं अकरावं माणूस जरा पुढे सरकलं. ऐकत मात्र ते पहिल्या दिवसापासून मन लावून होतं. मग हंबीररावांनी घसा साफ केला.

"म्हातारे, मुद्द्याचं बोल. टर्नक्विस्टला कागदाची गरज न्हाय, तेवढीच गोष्ट त्येचा मोठेपणा सांगती."

"बोशांला तर त्याहून न्हाय!" बाळासो उसळले, आणि गाडं पुन्हा मार्गी लागलं.

पाच वाजून पाच मिनिटांनी यज्ञेश्वरांच्या अथक प्रयत्नांना यश आलं. 'दोन्ही खेळाडू आपापल्या बर्फावर श्रेष्ठ असून मंडळास दोघांचाही अभिमान आहे,' असा ठराव एकमताने मंजूर झाला. हंबीरराव आणि बाळासोंनी मिठी मारली. बाळासोंच्या डोळ्यांत पाणी होतं. लगेच विषय क्रमांक दोन घेण्यात आला आणि अर्ध्या मिनिटात, टाळ्यांच्या गजरात, तोही मंजूर झाला. पोरगी आपल्या पेठेचं नाव काढणार, असं हंबीरराव म्हणाले. तिचाही फ्लेक्स लावायचं ठरलं.

यज्ञेश्वरांनी लेटरहेड ओढलं. 'कुमारी निशिगंधा' एवढं लिहिलं आणि पूर्ण नावासाठी अर्ज काढला. अर्ज निळा झाला होता. शाई पानभर उतरली होती; वाचता येत होतं ते फक्त 'निशिगंधा' आणि 'ही नम्र विनंती'.

"आडनाव काय तिचं?" त्यांनी विचारलं.

हंबीररावांनी बाळासोंकडे बघितलं, बाळासोंनी छताकडे. पोरगी चार वर्षं मंडळाच्या नावाने खेळत होती. पावतीची स्थळप्रत पाहिली, तर तिथे 'अर्जदार, विषय क्रमांक दोन'.

यज्ञेश्वर तसेच अर्धवट पत्र घेऊन खोलीवर गेले. निशिगंधा दारात बसून मोडक्या स्टिकला दोरी गुंडाळत होती. तिने वर पाहिलं नाही. चिमणाबाई बाहेर आली.

"आजी, ठराव झाला. एकमताने," यज्ञेश्वर म्हणाले. "फक्त तेवढं... आडनाव..."

"अर्जात तिनं सवताच्या हातानं लिवलंतं," चिमणाबाई म्हणाली. "तवा वाचायचं हुतं की." आणि तिने नातीला हाताला धरून आत नेलं.

पुढच्या महिन्यात यज्ञेश्वरांनी हे सगळं इतिवृत्त जसंच्या तसं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर कुणीतरी विचारलं, "ते सगळं खरं, पण त्या दोघांत भारी कोण?"

त्या लेटरहेडवर 'कुमारी निशिगंधा'च्या पुढची जागा अजून कोरी आहे. मागच्या बाकावरच्या अकराव्या सभासदाचं नावही यज्ञेश्वरांना वहीत लिहिता आलेलं नाही, कारण तो एकदाही बोलला नाही. त्याची ओळख पटवायला एक साधी चाचणी आहे. एकोणीस नंबर कुणाचा आणि सत्तावीस कुणाचा, हे त्याला आत्ता, न बघता सांगता येईल. पोरीचं आडनाव मात्र ह्या घडीपर्यंत त्यानेही विचारलेलं नाही. वाचकहो, सहा सतराला येऊन बसलात, बसा. गणसंख्या तुमच्यामुळेच भरली होती.