देवाला पत्ता सांगणारे शमुवेलमामा

आमच्या वसमतच्या ख्रिस्ती देवळात शमुवेलमामा प्रार्थनेला उभे राहिले, की आधी देवाला रस्ता सांगायचे.

"प्रभू," डोळे घट्ट मिटून ते सुरू करायचे, "मोंढ्याच्या फाटकातून आत ये. डाव्या हाताला पिठाची गिरणी लागंल, ती सोड. पुढं हापसा हाय. हापशासमोर निळ्या दाराचं घर. तिथं आपली मार्थाबाई पंधरा दिवसांपासून पडून हाय. दारात कुत्रं बांधलंय, ते नुसतं भुकतंय, चावत न्हाई. बाई आतल्या खोलीत हाय. तिच्या कमरेवर हात ठेव, डाव्या बाजूनं. बराबर का न्हाई?"

हे 'बराबर का न्हाई' देवालाच असायचं. अर्धी मंडळी पदराआड हसायची, अर्धी डोळे पुसायची, आणि शेवटी सगळी मिळून असं 'आमेन' म्हणायची की पत्र्याखालच्या चिमण्या उडून जायच्या.

एकदा न राहवून मी विचारलं, "मामा, देव सर्वज्ञ आहे. त्याला पत्ता कशाला लागतो?"

"त्याला ठाऊक हाय हो मास्तर," मामा म्हणाले. "पण त्याच्यामागं कामं किती. मार्थाबाई नावाच्या बाया जगात काय कमी हायत? चुकून दुसरीकडं गेला म्हंजी?"

मामांची सगळी नोकरी हिवताप खात्यात फवारणी करण्यात गेली होती. पाठीवर पंप घेऊन गावोगाव हिंडायचं, घर फवारलं की भिंतीवर गेरूनं तारीख लिहायची. माणसाचं नाव विसरतील, पण घर विसरायचे नाहीत. निवृत्त झाल्यावरही खाकी पँट सुटली नव्हती. वर पांढरा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला, आणि काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं बायबल. वसमत परभणीतून निघून हिंगोली जिल्ह्यात गेलं, तेव्हा पुढच्याच रविवारी त्यांनी देवाला कळवून टाकलं होतं, "प्रभू, आता आमचा जिल्हा हिंगोली झाला. परभणीला जाऊन चौकशी करू नको."

आता खरं सांगतो. मला या माणसाचा हेवा वाटायचा, आणि तो थोडाथोडका नव्हता.

मी प्राथमिक शाळेत मास्तर. देवळात पेटी वाजवायचो, मंडळीचा चिटणीस होतो. रविवारची प्रार्थना मी शनिवारी लिहून काढायचो, फुलस्केपची दोन पानं. 'हे कृपासागरा, दयानिधे' अशी सुरुवात, मध्ये दोन स्तोत्रांमधले दाखले, शेवट चढत्या आवाजात. ती सुरू झाली की लोक बसल्या जागी भिंतीला नीट टेकायचे. माझी बायको कृपा तेवढ्यात चहाचं पाणी ठेवून यायची. अर्ज लिहून घ्यायला सगळे माझ्याकडे यायचे. घरात कुणी आजारी पडलं की मात्र मामांना बोलावणं जायचं.

मी एकदा त्यांची नक्कलही करून पाहिली. गुरुवारी आमची घरगुती प्रार्थना असे, दर आठवड्याला एकेका घरी. त्या गुरुवारी मामांना यायला उशीर झाला होता, म्हणून मी संधी साधली. "हे प्रभो, कारखाना रोडने ये," मी म्हणालो. "मारवाड्याच्या दुकानाजवळ डावीकडे वळ, तिथे आपला बंधू तापाने..."

"मास्तर, ती गल्ली उजवीकडं हाय," मागून कोणीतरी म्हणालं.

सगळं घर हसलं. मामा तेवढ्यात दारात येऊन उभे होते. ते हसले नाहीत. माझ्याजवळ बसून हळूच म्हणाले, "सांगा तुमी. चुकलं तर तो विचारत विचारत येईल." त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. एवढं सांभाळून घेतल्यावर मला रात्रभर झोप आली नाही.

मग साखरा गावचं प्रकरण झालं. मार्थाबाईची लेक तिकडे दिलेली. ती बाळंत झाली आणि ताप उतरेना. रविवारी मामा उभे राहिले. "प्रभू, सेनगावाहून गोरेगावची जीप असती. पण ती भरल्याबिगर सुटत न्हाई, तिची वाट बघत बसू नको, तू आपला पायी ये. साखऱ्याच्या अलीकडं मेंढ्या बसलेल्या असतात, त्यांना उठवू नको. दोन चिंचा लागतील. दुसऱ्या चिंचेपासून तिसरं घर. लेकरू पाळण्यात हाय, पाळण्याची एक दोरी कमजोर हाय, तेवढी बघ."

मी मनात म्हटलं, आता पकडला. साखरा इथून केवढं लांब. मामा थापा मारून राहिले, आणि त्याही देवाला.

रविवारची भक्ती सुटल्यावर मी मार्थाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "थापा काहून मारतील? शुक्रवारी मी लेकीकडं असताना येऊन गेले की. एसटीनं, मग जीपनं, मग पायी. दारात उभे राहिले, आत बघितलं, घरं मोजली अन् परत फिरले. पाणी बी घेतलं न्हाई. म्हणाले, शेवटची जीप जाईल."

तेव्हा कळलं, मामा प्रत्येक घर आधी स्वतः जाऊन बघायचे. हे ऐकून मला शरम वाटायला पाहिजे होती. मला एवढंच वाटलं की हे आपल्याला का सुचलं नाही.

आमचे पाळकसाहेब तेव्हा नवीन होते, तरुण, नियमाने चालणारे. मी त्यांच्या घरी गेलो आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणालो, "साहेब, देवाला रस्ता दाखवणं हे शास्त्राला धरून आहे का? उद्या लेकरं विचारतील, देवाला काही कळत नाही का म्हणून." साहेब विचारात पडले. पुढच्या शनिवारी त्यांनी मामांना बोलावून सांगितलं, प्रार्थना थोडक्यात करावी, पत्ते नकोत.

"व्हय साहेब," मामा म्हणाले.

रविवारी ते उभे राहिले. डोळे मिटले. "प्रभू," म्हणाले, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. ओठ हलत होते. मग म्हणाले, "तुला ठाऊकच हाय. आमेन." आणि बसले.

त्यानंतर मी माझी दोन पानं वाचली. अडीच वाचली, खरं म्हणजे. पुढचे तीन रविवार मी सुखात होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण होतो.

चौथ्या आठवड्यात कृपाच्या पोटात दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी नांदेडला न्यायला सांगितलं. तिथे शनिवारी ऑपरेशन ठरलं. तिला आत नेलं, आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. प्रार्थना करावी म्हणून डोळे मिटले. 'हे कृपासागरा' एवढंच आलं. पुढचं काही सुचेना. वीस वर्षं प्रार्थना लिहिणारा माणूस मी, एक ओळ जुळेना.

दुपारी मान वर केली तर समोर शमुवेलमामा. काखेत पिशवी, कपाळावर घाम. "कोणती खाट देणार हायत?" एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते जिन्याकडे गेले, पायऱ्या मोजत खाली उतरले, मोजत वर आले. वॉर्डात डोकावले. गेटजवळच्या झाडाकडे खिडकीतून पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "येतो. वसमतची गाडी लागली असंल." प्रार्थना वगैरे काही केली नाही. मला रागच आला.

ऑपरेशन नीट झालं. सोमवारी मार्थाबाई भाकरी घेऊन आल्या आणि त्यांनी आदल्या दिवशीची भक्ती मला जशीच्या तशी ऐकवली. मामा म्हणे प्रार्थनेला उभे राहिले आणि आधी पाळकसाहेबांकडे वळून बोलले, "साहेब, आजच्या दिवस माफी करा. नांदेड लई मोठं गाव हाय." मग डोळे मिटून सुरू. "प्रभू, दवाखान्याच्या गेटापाशी लिंबाचं झाड हाय. आत आल्यावर लिफ्टच्या नादी लागू नको, ती बंद हाय. जिन्यानं ये, बेचाळीस पायऱ्या हायत. उजव्या हाताचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट, तिथं आपली कृपाबाई. अन् बाहेर बाकावर मास्तर बसलेला दिसंल. त्यानं सकाळपासून काही खाल्लं न्हाई. त्याला वाटून राहिलं की कुणाच्या ध्यानात न्हाई. त्याच्याजवळ जरा बस."

"मग साहेब रागावले का?" मी विचारलं.

"कशाचे रागावतात. सगळ्यात मोठं आमेन त्यांचंच होतं," मार्थाबाई म्हणाल्या.

भाकरी माझ्या हातात तशीच राहिली.

कृपा घरी आली, हिंडू-फिरू लागली, आम्ही पुन्हा देवळात जाऊ लागलो. आणि दोन रविवार मामा आलेच नाहीत. दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून विचारलं, "शमुवेलमामा कुठं राहतात?"

तीस घरांची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. मी चिटणीस, माझ्या वहीत सगळ्यांचे पत्ते होते. मामांच्या नावापुढे नुसतं 'वसमत' होतं. गुरुवारच्या प्रार्थनेची पाळी त्यांच्यावर आली की ते म्हणायचे, "माझं घर लई आडबाजूला हाय, पुढच्या घराला देऊन टाका." आम्ही देऊन टाकायचो.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी आणि कृपा शोधायला निघालो. मोंढ्याच्या अंगाला विचारलं, हळदीच्या गोदामांत विचारलं. शेवटी कापसाच्या जिनिंगच्या मागे शेळ्या राखत बसलेल्या एका म्हातारीनं हात केला, "ते फवारणीवाले व्हय? ती पत्र्याची खोली."

दार नुसतं लोटलेलं होतं. मामा खाटेवर पडून होते, एक पाय सुजून खांबासारखा झालेला. आम्हाला बघून उठायला गेले, जमलं नाही. खोलीत एक ताट, एक तांब्या, एक स्टोव्ह. कृपानं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मामा, निरोप का नाही पाठवला?" मी म्हटलं.

"मंडळीत आजारी बक्कळ हायत. त्यात माझी भर काहून?"

मी खाटेच्या कडेला बसलो. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं. "मामा, पाळकसाहेबांचे कान मीच भरले होते."

"ठाऊक हाय."

"कसं?"

"हेवा करणाऱ्या माणसाचं तोंड मला वळखू येतंय मास्तर. आरशात बघतोच की."

"तुम्हाला कुणाचा हेवा?"

"तुमचा."

मी थोडा सावरून बसलो. अशा वेळीसुद्धा मला बरं वाटलं. "माझ्या प्रार्थनेचा?"

"न्हाई हो. तुमची प्रार्थना मला समजतच न्हाई." मामांनी पायावरची चादर सारखी केली. "भक्ती सुटली की तुमी दोघं घरापस्तोर भांडत जाता. बाई म्हणती, पेटी लई वरच्या पट्टीत धरली, बायांचे गळे फाटले. तुमी म्हणता, तुला सुरातलं काय कळतं. मग ती मागचं काहीबाही काढती, तुमी त्याच्या मागचं काढता. माझा रस्ता इकडचा, मोंढ्याचा. पण मी तुमच्या मागं मागं कारखाना रोडपस्तोर येतो. तुमी दार लावून घेतलं की परततो."

कृपानं तांब्या उचलून मामांच्या उशाशी ठेवला.

"आमची घरची जाऊन लई वर्षं झाली," मामा म्हणाले. "तिचं बी तोंड लई चालायचं. मी म्हणायचो, जरा शांत बस. आता शांत बसली." मग म्हणाले, "खोलीवर आलो की रविवार उरकता उरकत न्हाई. म्हून जरा भांडण ऐकून येतो. तुमाला तकलीफ न्हाई ना?"

माझ्या भांडखोर संसाराचा कुणी हेवा करत असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी तर लोकांपासून लपवत होतो.

कृपानं नाक पुसलं, पदर खोचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसून काय राहिलात? स्टोव्ह पेटवा. मामांना कण्या करून घालते."

मी स्टोव्हजवळ बसलो. पंप मारला, काडी ओढली. विझली. दुसरी ओढली.

"एवढा शिकलेला माणूस," कृपा म्हणाली, "साधा स्टोव्ह पेटवता येईना. माझ्या बापानं काय बघून दिलं कोण जाणे."

"तुझ्या बापानं दिलेला स्टोव्ह तरी कुठं पेटायचा," मी म्हणालो. "वर्षभर धूर खाल्ला मी."

"धूर मी खाल्ला. तुमी ओसरीत बसून पेपर वाचायचे."

मी मागे वळून पाहिलं. मामांनी भिंतीकडे तोंड केलं होतं, चादर खांद्यापर्यंत ओढली होती. झोपले नव्हते. श्वास धरून पडले होते, एक शब्द हुकू नये म्हणून.

कृपानंही पाहिलं. मी तिसरी काडी ओढली आणि आवाज थोडा वाढवला.